पाणी जोखताना

लियेपायाच्या बंदरात एकतीस वर्षं
मी पाण्याची पातळी लिहिली.
सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात.
सेंटिमीटर, आणि शेजारच्या रकान्यात वारा.
पाणी जोखणं हाच माझा धंदा,
आकड्यांना मी भीत नाही,
असं डॉक्टर मादाराला म्हणाले
आणि चष्मा शोधू लागले. तो डोळ्यांवरच होता.

टेबलावर किमेने.
किमेने म्हणजे शहाजिरं.
पिल्लू होती तेव्हा अंगभर तशाच
बारीक काळपट रेघा होत्या.
आता पंधरा वर्षांची. कणा हाताला लागतो
कोटाखालचा हँगर लागावा तसा.
आठ महिन्यांत नऊशे ग्रॅम गेले,
भूक मात्र दुप्पट.
रात्री तीनला स्वयंपाकघरात उभी राहून
हाका मारते, बोट सुटून गेल्यासारख्या.

कागदावर चार ओळी ठळक.
डावीकडे नाव, मध्ये आकडा,
उजवीकडे चौकट: इथून इथवर ठीक.
"ही चौकट कुणाची?"
"इतर मांजरांची," मादारा म्हणाली,
"धडधाकट, बहुतेक तरुण."
म्हणजे आमच्या शून्यासारखंच.
समुद्राला शून्य नसतं.
कुणीतरी खांबावर रेघ मारतो
आणि त्या दिवसापासून समुद्र चुकायला लागतो.

साखर जास्त. मी विचारलं, मधुमेह?
"किंवा भीती. पिशवीत घालून ट्रामने आणलीत ना?
घाबरलं की मांजराची साखर चढते.
दुसरी तपासणी लावू. ती मागचे दोन आठवडे सांगते,
एका सकाळचं ऐकत नाही."
भीती मोजता येते हे मला ठाऊक नव्हतं.
माझं रक्त त्या सकाळी कुणी घेतलं नाही.

यकृताचा आकडा तिप्पट.
तिने त्यावर बोट ठेवलं, मग उचललं.
"हा बहुधा दुसऱ्याचं ओरडणं ओरडतोय."
दुसरी म्हणजे गळ्यातली ग्रंथी, थायरॉइड.
माझं बोट धरून तिने दाखवली:
केसांखाली निसटता वाटाणा.
एवढासा जीव, आणि सगळं घर पळवत होता,
भूक, काळीज, रात्रीच्या हाका.

एका ओळीवर मात्र मी श्वास सोडला.
क्रिएटिनिन. चौकटीच्या आत,
अगदी कडेला, पण आत.
मूत्रपिंडं तरी धड आहेत, म्हटलं.
मादारा पेनाचं टोपण काढत-लावत राहिली.
"यावर मी विसंबणार नाही.
ग्रंथी रक्त जोरात ढकलते आहे,
मूत्रपिंडांचं काम त्यावर निभतंय.
अंगावर मांसही उरलं नाही, म्हणून आकडा बेताचा.
गोळी सुरू केली की जोर उतरेल.
मग खरं काय ते दिसेल."

हे मला समजावून सांगावं लागलं नाही.
आमच्या समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाहीच.
पश्चिमेचा वारा पाणी लोटत आणतो,
धक्क्याला चढवून ठेवतो,
बोटी ऐटीत डुलतात.
वारा पडतो त्या रात्री
पाणी आपल्या जागी जातं
आणि तळ वर येतो: दगड, एक सायकल,
कुणाचा तरी गंजका नांगर.
नुसती पातळी लिहिली, वारा लिहिला नाही,
तर वही खोटी पडते.

"मग गोळी देऊच नये?"
"द्यायची. काळीज असं धावतं ठेवता येणार नाही.
अर्धी, दिवसातून दोनदा.
तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त."
तीन आठवडे. तिने सहज म्हटलं,
ती सत्तावीस वर्षांची आहे.

घरी जुनी वही होती, मागची पानं कोरी.
तारीख.
वजन तीन किलो सातशे वीस (भाजीच्या काट्यावर, हलली).
पाणी: वाडगाभर, शिवाय फुलदाणीतलं.
गोळी: थुंकली. पुन्हा लोण्यातून. लोणी चाटलं,
गोळी फ्रिजखाली सापडली. तिसऱ्यांदा गिळली.
वारा: नैऋत्य, पडत चाललेला.

पुढचा रकाना आखणार होते,
तर ती येऊन वहीवरच बसली.